जुन्या संगणकावर प्रोग्रामचं वजन कसं उतरवावं

वजन म्हणजे प्रोग्राम डिस्कवर आणि मेमरीत अडवतो ती जागा. आधी डॉसवर (विंडोजच्या आधीच्या, आज्ञा टंकून चालणाऱ्या प्रणालीवर) एक प्रोग्राम हाताने बांधू, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. अडगळीतली एक्सटी (आयबीएमचा जुना पीसी) अजून जिवंत असेल तर उत्तमच, नाहीतर नव्या संगणकावर डॉसची नक्कल करणारा डॉसबॉक्स चालेल. डॉसबॉक्ससोबत डीबग (प्रोग्राम बाइट-बाइट लिहायचं आणि तपासायचं डॉसचं साधन) येत नाही, तो फ्रीडॉस या डॉसच्या मोफत आवृत्तीतून आणून ठेवावा. खालच्या आज्ञा मी देवनागरीत लिहिल्या आहेत. टंकताना अर्थातच रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडे. मूव्ह म्हणजे एमओव्ही, इंट म्हणजे आयएनटी, रेट म्हणजे आरईटी, तीन-तीनच अक्षरं. डीबग सुरू करा आणि हे द्या:

ए १००
मूव्ह एएच,९
मूव्ह डीएक्स,१०८
इंट २१
रेट
डीबी 'नमस्कार$'

त्यानंतर रिकामं एंटर. मग 'एन नम.कॉम', 'आर सीएक्स', विचारल्यावर ११, मग 'डब्ल्यू' आणि 'क्यू'. नमस्कार हा शब्द रोमन लिपीत, आठ अक्षरांचा. डीबगमधले सगळे आकडे षोडशमान पद्धतीचे असतात, म्हणून तिथले ११ म्हणजे आपले १७. फाइलींची यादी दाखवणारी डीआयआर मारा: नम.कॉम, १७ बाइट. चालवा: पडद्यावर नमस्कार.

सतरा कसे? पहिली सूचना २ बाइट, दुसरी ३, तिसरी २, रेट १. झाले आठ. उरलेले नऊ त्या शब्दाचे आणि शेवटच्या डॉलर चिन्हाचे. डॉसचं नऊ नंबरचं काम (पहिल्या सूचनेतला ९ तोच) डॉलर दिसेपर्यंत अक्षरं छापत जातं. शेवटच्या 'रेट'ची गंमत अशी, की कॉम फाइल सुरू करताना डॉस स्टॅकवर (मेमरीतल्या तात्पुरत्या आकड्यांच्या थप्पीवर) एक शून्य ठेवून देतं. रेट ते उचलतं, सेगमेंटच्या (मेमरीच्या ६४ केबीच्या तुकड्याच्या) अगदी सुरुवातीला जातं, आणि तिथे प्रोग्राम संपवणारी सूचना डॉसने आधीच लिहून ठेवलेली असते.

आता हेच काम टर्बो सीमध्ये (सी भाषेतल्या कोडची चालणारी फाइल बनवणाऱ्या कम्पायलरमध्ये) प्रिंटएफ हे छापण्याचं तयार फंक्शन वापरून करा आणि पुन्हा डीआयआर मारा. नेमका आकडा आवृत्तीप्रमाणे बदलेल, पण काही हजार बाइट नक्की दिसतील. तुमची ओळ एकच. बाकीचं सगळं वऱ्हाड प्रिंटएफने आणलेलं. वजन उतरवायचं म्हणजे आपल्या ओळी खरवडत बसायचं नाही, हे वऱ्हाड कोणी बोलावलं ते शोधायचं.

हा सगळा उद्योग मी पहिल्यांदा केला तो एका ओळखीच्या गृहस्थांसाठी. त्यांच्याकडे दोन फ्लॉपींची एक्सटी होती, हार्ड डिस्क नाही. ठेवींवरचं व्याज काढायचा प्रोग्राम, डॉस आणि खात्यांची फाइल हे सगळं ३६० केबीच्या एका फ्लॉपीवर बसवायचं होतं. पुढची उदाहरणं त्यातलीच आहेत. कम्पायलर टर्बो सी घेतला आहे, कारण महाराष्ट्रात ज्याने कॉलेजात सी शिकली त्याने ती निळी खिडकी बहुधा पाहिलेली असते.

नक्की काय कमी करायचंय ते ठरवा

डिस्कवरची जागा आणि मेमरीतली जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फाइल पॅक करणारी साधनं डिस्कवरची जागा वाचवतात. मेमरीत उलगडल्यावर प्रोग्राम पहिल्याइतकाच पसरतो. ६४० केबीत मावत नाही ही तक्रार असेल तर त्यांचा काही उपयोग नाही. ओव्हरले नेमकं उलटं करतात: प्रोग्रामचे तुकडे गरजेप्रमाणे मेमरीत आणतात, फाइल मात्र लहान होत नाही.

डिस्कचाच प्रश्न असेल तर आणखी एक हिशोब बघा. डॉस जागा वाटतं ती क्लस्टरच्या मापाने. ३६० केबीच्या फ्लॉपीवर क्लस्टर १,०२४ बाइटचा, १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर ५१२ चा, आणि एक्सटीच्या १० एमबी हार्ड डिस्कवर ४,०९६ चा. म्हणजे आपला १७ बाइटचा नमस्कार त्या हार्ड डिस्कवर ४ केबी अडवून बसतो. फाइल ९,००० बाइटांवरून ८,५०० वर आणलीत तर तिथे एक बाइटही सुटत नाही. दोन्हींना तीन क्लस्टर लागतात. ८,१९२ च्या खाली गेलात तरच फायदा. रात्री दोनपर्यंत जागून शंभर बाइट काढण्याआधी हा भागाकार करून घ्यावा. मी केला नव्हता.

मोजल्याशिवाय कापू नका

टीलिंक, म्हणजे कम्पाइल झालेले तुकडे (मॉड्यूल) आणि लायब्ररीतली तयार फंक्शन्स जोडणारा टर्बो सीचा लिंकर, प्रत्येक वेळी मॅप फाइल बनवतो, ती बहुतेक जण उघडूनही बघत नाहीत. जोडणी करताना तिरकी रेघ आणि एस हा पर्याय द्या, म्हणजे कोणत्या मॉड्यूलने किती बाइट घेतले ते सविस्तर मिळतं. आकडे षोडशमानात असतात, तेवढं लक्षात ठेवा. त्या यादीत आपल्या फाइलचं नाव एखाद-दुसऱ्या ओळीत सापडतं आणि बाकी पानभर लायब्ररीची मॉड्यूलं असतात. तीच वऱ्हाडी मंडळी.

फुकटात मिळणारं आधी घ्या

डीबगची माहिती काढून टाका. टर्बो सीच्या खिडकीत सोर्स डीबगिंग चालू असेल तर चलांची नावं, ओळींचे क्रमांक असं बरंच काही ईएक्सईच्या (तयार झालेल्या चालणाऱ्या फाइलच्या) शेपटीला चिकटतं. टर्बो सी++ ३.० मध्ये ऑप्शन्स, डीबगर, सोर्स डीबगिंग इथे जाऊन 'नन' निवडा. फाइल आधीच बनलेली असेल आणि स्रोत हरवला असेल, तर टर्बो डीबगरसोबत येणारा टीडीस्ट्रिप ती शेपटी कापून देतो.

मग ऑप्टिमायझेशनमध्ये 'स्पीड' ऐवजी 'साइज'. आज्ञेच्या ओळीवरून टीसीसी (टर्बो सीचाच खिडकीविना कम्पायलर) चालवत असाल तर उणे चिन्ह लावून मोठा ओ आणि मोठा झेड द्या, आणि मोठा जी देऊ नका, तो वेगासाठी आहे. छोटा डी दिलात तर एकसारख्या स्ट्रिंग एकदाच साठवल्या जातात. आमच्या प्रोग्राममध्ये 'खाते सापडले नाही' हा संदेश सात ठिकाणी लिहिला होता, म्हणून याचा उपयोग झाला. टीसीसीला लहान-मोठ्या अक्षरांतला फरक कळतो: मोठ्या ओऐवजी छोटा ओ दिलात तर तो भलताच अर्थ घेईल.

उणे एक हा पर्याय मोहाचा आहे. त्याने ८०१८६ या प्रोसेसरच्या सूचना वापरल्या जातात. साधा स्थिरांक स्टॅकवर टाकायला एक्सटीतल्या ८०८८ ला तो आधी रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधल्या कप्प्यात) भरावा लागतो, मग ढकलावा लागतो: चार बाइट. १८६ च्या सूचनेत हेच दोन-तीन बाइटांत होतं. पण तो प्रोग्राम मूळच्या एक्सटीवर चालणार नाही. कोणी त्या यंत्रातला ८०८८ काढून त्याच खाचेत बसणारा एनईसीचा व्ही२० लावला असेल तर चालेल. आमच्या गृहस्थांच्या यंत्रात व्ही२० नव्हता.

मेमरी मॉडेल

कोड आणि डेटाला किती सेगमेंट द्यायचे ते मेमरी मॉडेल ठरवतं. सवयीने 'लार्ज' निवडणारे पुष्कळ भेटतात. मोठं घेतलेलं बरं, पुढेमागे लागेल, असा हिशोब. इथे तो महागात पडतो. स्मॉल मॉडेलमध्ये फंक्शनला हाक मारायला तीन बाइट लागतात. लार्जमध्ये दुसऱ्या फाइलमधल्या फंक्शनला पाच, शिवाय त्या प्रत्येक हाकेपायी ईएक्सईच्या डोक्यावरच्या रीलोकेशन तक्त्यात (मेमरीत उतरताना दुरुस्त करायच्या पत्त्यांच्या यादीत) चार बाइटांची एक नोंद वाढते. म्हणजे तीनाच्या जागी नऊ. पॉइंटरही (मेमरीतला पत्ता ठेवणारी चलं) दोनाऐवजी चार बाइटांचे होतात, आणि ते वापरणारा प्रत्येक कोड थोडा फुगतो.

कोड ६४ केबीत आणि डेटा ६४ केबीत बसत असेल तर स्मॉल घ्या. दोन्ही मिळून ६४ केबीत बसत असतील तर टायनी. हातातले बहुतेक छोटे प्रोग्राम टायनीत आरामात बसतात.

प्रिंटएफ आणि दशांश: खरी चरबी इथे

प्रिंटएफला टक्क्याच्या चिन्हामागे काय येईल ते कम्पाइल होताना माहीत नसतं. म्हणून तुम्ही नुसता एक शब्द छापलात तरी षोडशमान, अष्टमान, रुंदी, डावं-उजवं हे सगळं छापायची तयारी करून तो येतो. सोबत फाइल स्ट्रीमची यंत्रणा आणि बफरही (डेटा तात्पुरता ठेवायच्या जागा) येतात. सी++ मधला छापणारा सीआउट तर याहून जास्त गोतावळा घेऊन येतो.

नुसता मजकूर छापायचा असेल तर डॉसला थेट सांगा. टर्बो सीच्या डॉस हेडरमध्ये बीडॉस नावाचं फंक्शन आहे: बीडॉस(९, स्ट्रिंग, ०) म्हटलं की तेच नऊ नंबरचं काम होतं, शेवटी डॉलर मात्र हवा. हे टायनी आणि स्मॉलमध्येच. पॉइंटर चार बाइटांचे असतील तर बीडॉसपीटीआर वापरावं लागतं. एकेक अक्षर छापायला दोन नंबरचं काम आहे. आकडा छापायचा असेल तर एलटीओए त्याची स्ट्रिंग करून देतो. एक गोष्ट विसरू नका: अख्ख्या प्रोग्राममध्ये प्रिंटएफ एका जागी जरी राहिला तरी सगळं वऱ्हाड आलंच. नऊ ठिकाणी काढून दहाव्या ठिकाणी ठेवलात तर उलट वजन वाढेल.

दुसरं म्हणजे दशांश संख्या. ८०८८ ला अपूर्णांकांचं गणित येत नाही. ८०८७ ही जोडीची चिप बहुतेक यंत्रांत नसायची, म्हणून टर्बो सी तिची नक्कल करणारा एम्युलेटर तुमच्या प्रोग्रामला जोडतो. एक फ्लोट (दशांश संख्येचं चल) वापरलात की कित्येक केबी वाढले. कम्पायलर बनवणाऱ्यांनाही हे ओझं माहीत होतं, म्हणून दशांश छापण्याचा-वाचण्याचा भाग खरी गरज दिसेल तेव्हाच जोडला जाईल अशी त्यांनी योजना केली होती. ही योजना कधीकधी चुकते. कॉलेजच्या लॅबमध्ये 'फ्लोटिंग पॉइंट फॉरमॅट्स नॉट लिंक्ड' असा संदेश येऊन प्रोग्राम मेला, आणि सरांनी 'पुन्हा टाइप कर' म्हणून सांगितलं, असं ज्यांच्या बाबतीत झालं त्यांना त्याचं कारण आज कळेल. तो जागा वाचवण्याच्या खटपटीचा उपद्रव होता.

व्याजाच्या प्रोग्राममध्ये आम्ही फ्लोट साफ काढले आणि सगळं पैशात मोजलं, म्हणजे रुपयाच्या शंभराव्या भागात. लाँग या पूर्णांकाच्या प्रकारात २,१४,७४,८३,६४७ पर्यंतचा आकडा मावतो. पैसे धरले तर २ कोटी १४ लाख रुपयांच्या वर. त्या ठेवीदारांना पुरून उरेल एवढं.

पण इथे एक खड्डा आहे, आणि मी त्यात पडलो. सरळ व्याजाचं सूत्र म्हणजे मुद्दल गुणिले दर गुणिले दिवस, भागिले ३६,५००. मुद्दल १०,००० रुपये, दर ९ टक्के, मुदत ९० दिवस: १०,००,००० पैसे गुणिले ८१० म्हणजे ८१ कोटी. मावलं. मुद्दल ५०,००० झालं की तोच गुणाकार ४०५ कोटींवर जातो आणि लाँग उलटतो. व्याज म्हणून भलताच आकडा येतो, कम्पायलर चकार शब्द काढत नाही.

उपाय: आधी भागा, मग गुणा, आणि बाकी फेकू नका. ५०,००,००० पैशांना ३६,५०० ने भागलं की भागाकार १३६, बाकी ३६,०००. भागाकार गुणिले ८१० म्हणजे १,१०,१६०. बाकी गुणिले ८१० म्हणजे २,९१,६०,०००. त्यात १८,२५० मिळवून ३६,५०० ने भागलं की ७९९. बेरीज १,१०,९५९ पैसे, म्हणजे १,१०९ रुपये ५९ पैसे. मधले १८,२५० कशाला? ते ३६,५०० चे निम्मे आहेत. ते मिळवल्याने अर्ध्या पैशाच्या वरचं पुढे ढकललं जातं, नाहीतर प्रत्येक खात्यामागे पैसा खाली पडत जातो. सगळी चलं लाँग ठेवा. साधा इंट इथे सोळा बिटांचा असतो, ३२,७६७ ला संपतो.

छापताना शंभराने भागून रुपये, मग टिंब, मग बाकी. बाकी एका अंकाची असेल तर पुढे शून्य हवं. ते विसरलं तर पाच पैसे पासबुकात पन्नास पैसे म्हणून वाचले जातात.

रिकाम्या ॲरेचं ओझं

फंक्शनच्या बाहेर वीस हजार बाइटांचा बफर नुसता जाहीर केलात तर तो फाइलमध्ये जागा घेत नाही. प्रोग्राम सुरू होताना मेमरीत आखला जातो. पण त्याच्यापुढे 'बरोबर महिरपी कंसात शून्य' असं लिहिलंत की टर्बो सी त्याला भरलेला डेटा मानतो आणि वीस हजार शून्यं फाइलमध्ये लिहून ठेवतो. सुरुवातीची किंमत शून्यच हवी असेल तर काही लिहू नका, ती शून्यच मिळते. असेंब्लीतही हाच फरक: शेवटी ठेवलेल्या बफरपुढे प्रश्नचिन्ह असेल तर फाइल वाढत नाही, शून्य लिहिलं तर वाढते.

एका फाइलमध्ये एकच फंक्शन

टीलिंक लायब्ररीतून उचलतो ते अख्खं मॉड्यूल. तुमच्या 'उपयोगी' नावाच्या फाइलमध्ये वीस फंक्शन्स असतील आणि लागणारं एकच असेल, तरी वीसही येतात. म्हणून स्वतःची फंक्शन्स वेगवेगळ्या फाइलींत ठेवा, वेगवेगळी कम्पाइल करा आणि टीलिबने त्यांची लायब्ररी बांधा. काम कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं.

ईएक्सईऐवजी कॉम

ईएक्सईच्या डोक्यावर शीर्षक असतं. त्याची पहिली दोन अक्षरं एम आणि झेड, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मार्क झ्बिकोव्स्की यांची आद्याक्षरं. टीलिंकने बनवलेल्या फाइलीत हे शीर्षक निदान ५१२ बाइटांचं असतं. कॉमला शीर्षकच नाही: फाइल जशी आहे तशी सेगमेंटमध्ये २५६ व्या बाइटपासून ओतली जाते. म्हणून आपल्या नमस्काराचा पत्ता षोडशमानात १०८ होता. मर्यादा अर्थातच ६४ केबीची, त्यातून ते २५६ वजा.

टायनी मॉडेलमध्ये कम्पाइल करा (उणे, छोटे एमटी आणि सी), मग जोडणी स्वतः करा: टीलिंक, तिरकी रेघ टी, सी०टी, तुमची फाइल, आणि लायब्ररी म्हणून सीएस. टायनीला स्मॉलचीच लायब्ररी लागते, पण सुरुवातीचं मॉड्यूल मात्र सी०टी हवं. सवयीने सी०एस दिलंत तर टीलिंक कॉम बनवायला नकार देतो. सुरुवातीच्या या मॉड्यूलचा असेंब्ली स्रोत कम्पायलरसोबतच येतो. हौस असेल त्याने तो उघडून नको ते काढावं. मी तिथे हात घातला नाही.

शेवटी पॅक करणं

हे सगळं झाल्यावरच पॅकर. आधी पॅक करून मग कापत बसलं तर काय कापलं ते दिसत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या लिंकरमध्ये एक्सईपॅक होतं, ते मुख्यतः एकसारखे बाइट सलग आले की आवळायचं. त्याची एक खोड प्रसिद्ध आहे. डॉस ५ मध्ये 'डॉस=हाय' करून (म्हणजे डॉसला १ एमबीच्या वर सरकवून) पहिल्या ६४ केबीत जागा मोकळी झाली की तिथे उतरलेले असे प्रोग्राम 'पॅक्ड फाइल इज करप्ट' म्हणून अडायचे. फाइल ठणठणीत असायची. उलगडणारा कोड १ एमबीच्या पुढचा पत्ता गुंडाळून शून्याकडे येईल असं धरून चालायचा, आणि ए२० ची तार (पत्त्याचा एकविसावा बिट नेणारी) चालू असताना पत्ता गुंडाळला जात नाही. डॉसने त्यासाठी लोडफिक्स ही आज्ञा दिली: आधीचे ६४ केबी अडवून ठेवायचे आणि प्रोग्राम वर उतरवायचा.

त्याहून सरस एलझेडईएक्सई. फ्रान्सच्या फॅब्रिस बेलार्डने तो किशोरवयात लिहिला. पुढे एफएफएमपेग (व्हिडिओ-ध्वनीचं साधन) आणि क्यूईएमयू (संगणकाची नक्कल करणारं साधन) ज्याने सुरू केले तोच हा. तो फक्त ईएक्सई आवळतो. पीकेवेअरचा पीकेलाइट कॉमही आवळतो. आज करायचं तर मी यूपीएक्स वापरतो. तो नव्या संगणकावर बसून डॉसच्या फाइली आवळून देतो. एक्सटीसाठी 'उणे उणे ८०८६' हा पर्याय द्यायला विसरू नका, नाहीतर उलगडणारा कोड २८६ च्या सूचना वापरू शकतो आणि ८०८८ वर यंत्र गोठतं.

फ्लॉपीवरून चालणाऱ्या यंत्रात पॅक केलेला प्रोग्राम अनेकदा आधीपेक्षा लवकर सुरू होतो, कारण फ्लॉपी वाचणं इतकं संथ असतं की कमी वाचून उलगडत बसणं परवडतं. मात्र जो प्रोग्राम आपल्याच फाइलमध्ये मांडणी लिहून ठेवतो किंवा शेपटीला डेटा जोडून फिरतो, त्याला पॅक करू नका. शेपटी गळते किंवा लिहिलेलं भलत्या जागी जातं. आमच्या व्याजाच्या प्रोग्राममध्ये प्रिंटरच्या कागदाची रुंदी अशीच ईएक्सईत लिहिलेली होती. ती मी आधी बारा बाइटांच्या वेगळ्या फाइलीत काढली. त्या बारा बाइटांनी फ्लॉपीवर एक केबी खाल्ला.

पॅक न केलेली मूळ फाइल दुसऱ्या फ्लॉपीवर जपून ठेवा. पुढे काही बिघडलं आणि पॅक केलेली फाइल डीबगमध्ये उघडलीत, तर तिथे तुमचा कोड दिसत नाही, उलगडणाऱ्याचा दिसतो.